हिरव्या रांगेतली माणसं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आजपासून शहाणा कामाला लागला. शहाणा म्हणजे माणूस नाही, कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम. नाव मीच ठेवलं. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, बोलताना जीभ अडकते. हृदयाचा स्कॅन झाला की चित्रं त्याच्याकडे जातात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अडल्यात की नाहीत, ते तो मिनिटभरात सांगतो. लाल खूण म्हणजे अडल्यात, डॉक्टरीणबाई त्याच दिवशी बघणार. हिरवी खूण म्हणजे ठीक. माणसानं घरी जायचं, चित्रं रांगेत पडायची, आणि बाईंना सवड झाली की त्या नजर टाकून सही करणार. ही सवड तीन आठवड्यांनी मिळेल असं पहिल्याच दिवशी दिसतंय.

शहाण्याला शिकवलं गणितवालीनं. तिशीची पोरगी, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून कच्ची गाजरं खाते. पण शिकवायला चित्रं कुणाची वापरली? माझी! सहा वर्षांतले पाच हजार स्कॅन, त्यातले चारेक हजार या हातांनी काढलेले. शंभरातली चौऱ्याण्णव माणसं बरोबर ओळखतो म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखाच झाला की! मी तर माणूस दारातून आत आला की सांगते."

ती हसली. तिला वाटलं मी फुशारकी मारतेय. मारत होतेच, पण खोटी नाही. बावीस वर्षं त्याच खोलीत काढलीत. चेहऱ्याचा रंग, ओठांची कड, शर्टाची बटणं काढताना लागलेली धाप, एवढं पुरतं. असा कुणी आला की ठोके पकडायचे तीन स्टिकर छातीवर लावतेच, वर दोन जादा लावून ठेवते. टेबलावर काही झालंच तर मॉनिटरची वायर लगेच जोडता येते, ऐनवेळी छाती पुसत बसावं लागत नाही. कुणी सांगितलेलं नाही, माझी आपली सवय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आमच्या यांचं नवीन सुरू झालंय. जेवण झालं की छातीत जळजळतं, मग डावा खांदा चोळत बसायचं. "ॲसिडिटी आहे," असं स्वतःच म्हणतात. मीही म्हटलं, असेल. अठ्ठावन्नचं वय, रात्रंदिवस लिफ्टच्या मोटारी उघडायच्या, वेळेवर खायचं नाही, दुसरं काय होणार! दिवसभर लोकांची छाती बघून आलेय, घरीही तेच बघायचं का? मला विटून जायला होतं.

लेकीचा फोन आला होता. बापाचा खांदा ऐकून तिनं माझीच खरडपट्टी काढली. "आई, तू त्याच खात्यात आहेस ना? बाबांचा स्कॅन का काढत नाहीस?" माझंच लेकरू आणि मलाच शिकवतंय. काढते म्हटलं, नाहीतर रोज फोन करेल.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

काढला एकदाचा. यांनी टेबलावर झोपल्यापासून छळ मांडला. खोली गार आहे. सुई जाड आहे. हात डोक्यावर किती वेळ धरू? एरवी बाराव्या मजल्यावर दोरीला लटकणारा माणूस! तीन स्टिकर लावतानाच "केस ओढतेस, केस ओढतेस" म्हणून बोंब. मी म्हटलं, "अहो, बायको आहे, खाटीक नाही. श्वास घ्या. धरा. सोडा." सात मिनिटांत आटोपलं. बाहेर तेरा माणसं थांबली होती.

हिरवा! खूण बघून मला हसूच आलं. डॉक्टरीणबाईंना सांगून रांगेतून वर काढता आला असता. पण बावीस वर्षांत ओळखीचा फायदा घेतला नाही, तो आत्ता हिरव्या स्कॅनसाठी कशाला घ्यायचा?

घरी आल्यावर जाहीर केलं, उद्यापासून लिफ्ट बंद. चार मजले सकाळ-संध्याकाळ पायी. हृदय ठणठणीत आहे, हा सगळा आळस आहे.

"लिफ्टवर पोट भरणाऱ्याला जिने चढायला लावतेस?" हे म्हणाले. "आणि तुझा तो शहाणा जरा अतिशहाणा निघाला तर? त्याचा बैल रिकामा राहतो म्हणतात."

"तो माझ्या हाताखाली शिकलाय," मी म्हटलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

जिन्याचा चौथा दिवस. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहतात, वर बघतात आणि मग चढतात. मी मागून ढकलते. "हिरवे आहात तुम्ही, चला," म्हणते. आज शेजारीण दारात होती, तीही हसली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज शहाणा चुकला. सव्वीस वर्षांची मुलगी, धावण्याच्या शर्यतींत भाग घेणारी, सुई बघूनच पांढरीफटक पडली. टेबलावर चक्कर येईल म्हणून मी पाचही स्टिकर लावून ठेवले. शहाण्यानं लाल खूण दिली. ती बिचारी रडायलाच लागली. बाईंनी लगेच चित्रं बघितली, वाहिन्या काचेसारख्या स्वच्छ. "घाबरट आहे हा," बाई म्हणाल्या. "चालेल. नको तिथे घाबरला तरी परवडतं." पटलं मला.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आठवडाभर स्टिकरची बोंब. कोठीत पाच खोकी मागितली, आलं एक. मोजून माणशी तीन, एक जास्त नाही. हात शिवशिवतो पण काय करणार.

बाकी आठवडा छान गेला. एकही लाल नाही! एकसष्ट माणसं, सगळी हिरवी. डॉक्टरीणबाई पाच वाजता घरी गेल्या, मी तर हे कधी बघितलं नव्हतं. गणितवालीला म्हटलं, गाव सुधारलं बघ. ती मात्र हसली नाही. आकडे बघते म्हणाली. या पोरींना चांगलं झालेलंही सोसत नाही.

रविवार, १ मार्च

सकाळी दूध आणायला गेले ते हे अर्ध्या तासानं वर आले. बनियन घामानं चिंब. तिसऱ्या मजल्यावर दहा मिनिटं बसून राहिलो म्हणाले. पोटात ढवळलं, उलटीसारखं झालं. मी लिंबूपाणी दिलं. मग दिवसभर पडून. जेवले नाहीत, टीव्हीसुद्धा नको. चारला मी फार बोलले. म्हटलं, चार पायऱ्या चढून माणूस एवढी नाटकं करतो का? हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्या चढतो गं. आज राहू दे."

लिहिताना वाईट वाटतंय. एवढं बोलायला नको होतं.

मंगळवार, ३ मार्च

लिहवत नाही. तरी आजचं आजच लिहायचं.

साडेनऊला एका आजोबांना इमर्जन्सीतून स्ट्रेचरवर वर आणलं. झटका येऊन गेलेला. मी लगेच ओळखलं. गेल्याच मंगळवारी माझ्याकडे आले होते. त्या दिवशी त्यांना बघून मनात म्हटलं होतं, या आजोबांचं काही खरं नाही. शहाण्यानं हिरवे म्हणून घरी पाठवले. बाईंनी त्यांचा तो स्कॅन उघडला आणि तोंडावर हात ठेवला. मुख्य वाहिनी नव्वद टक्के बंद. हे तर शेंबडं पोरही सांगेल.

गणितवालीला बोलावलं. शहाणा निकाल देताना चित्रात कुठे बघतो, ते रंगानं दाखवायची सोय तिच्याकडे आहे. आजोबांच्या चित्रावर रंग कुठेच नाही. मग तिनं त्या धावणाऱ्या मुलीचं चित्र लावलं. दोन केशरी डाग. हृदयावर नाहीत. बाहेर, कातडीवर, गळ्याच्या हाडाखाली.

"हे काय आहे इथं?" तिनं विचारलं.

"स्टिकर," मी म्हटलं. "जादाचे."

"जादाचे म्हणजे?"

मी माझी सवय सांगितली, आणि गेल्या आठवड्यात जादाचे मिळालेच नव्हते, तेही सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. तिनं लाल निकालाची दहा चित्रं पटापट उघडली. दहाही ठिकाणी तेच दोन डाग. तिचाही चेहरा उतरला. म्हणाली, "मी चित्रातून हृदय तेवढं कापून त्याला द्यायला हवं होतं, मी अख्खी छाती दिली. तो हृदय बघतच नाही, ताई. तुम्हाला कोण आजारी वाटलं, तेवढंच बघतो."

मग मला बारा तारीख आठवली. तीन स्टिकर आणि "केस ओढतेस".

"बाई," मी म्हटलं, "आमच्या यांचा उघडा."

बाईंनी उघडला. चित्र फिरवलं, परत फिरवलं. मी काही डॉक्टर नाही, पण मलाही दिसत होतं. डाव्या बाजूचा मूळ फाटाच दोऱ्याएवढा. वीस दिवस ते चित्र रांगेत पडून होतं आणि वीस दिवस मी त्यांना जिने चढवत होते.

"कुठे आहेत ते आत्ता?"

"कामावर."

"एक पायरी चढू देऊ नका. अँब्युलन्स घेऊन जा."

फोन लागेना. मोटारीवर काम करताना फोन खाली पिशवीत ठेवतात, माझाच नियम, एकदा हातातून पडून फुटला होता म्हणून. बारा मजली ऑफिसची इमारत. लिफ्टच्या दाराला पाटी, दुरुस्ती चालू आहे. पहारेकरी म्हणाला, "मिस्त्री गच्चीवर आहेत. आज जिन्यानं गेले, बायकोनं व्यायाम सांगितलाय म्हणाले."

बारा मजले मी कशी चढले मला माहीत नाही. अँब्युलन्सवाला मागून खुर्ची घेऊन येत होता. गच्चीवरच्या खोलीत हे मोटारीपुढे मांडी घालून बसलेले. चेहरा राखेच्या रंगाचा. ओठांची कड निळसर. आज तो रंग मला दारातूनच दिसला. एवढे दिवस मी कुठे बघत होते?

"अगं, तू? तीही जिन्यानं?"

"हातातलं खाली ठेवा. हॉस्पिटलमध्ये जायचंय. रिपोर्ट चुकलाय."

"शहाण्याचा?"

"माझा," मी म्हटलं.

यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मग रविवारी ते…"

"हो."

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. अँब्युलन्सवाला धापा टाकत पोचला. म्हणाला, जिन्याची वळणं अरुंद आहेत, माणूस बसवून खुर्ची फिरणार नाही. चालत उतरवलं तर जबाबदारी माझी नाही. आणि लिफ्ट तर यांनीच उघडून ठेवलेली.

"दहा मिनिटं दे," हे म्हणाले. "दोन वायरी आणि ब्रेक बसवायचा राहिलाय. दुसऱ्या कुणाला बोलावलंस तर दुपार होईल."

मी पाया पडायची तेवढी राहिले. नको म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. "तुला आजवर घरातला फ्यूज बदलता आला नाही," म्हणाले, आणि पाना उचलला. मी बॅटरी धरून उभी. स्क्रू त्यांच्या हातातून दोनदा घरंगळला, दोनदा मी गुडघ्यावर बसून शोधला. मध्येच थांबून ते डोळे मिटायचे, मी श्वास मोजायचे. "डोळ्यांत नको धरू गं, इथं धर," एवढंच बोलत होते. चौदा मिनिटं लागली. लिफ्ट हलली तेव्हा मला हुंदका आवरेना. अँब्युलन्सवाला पुढे झाला, पण तळमजल्याचं बटण यांनी स्वतःच दाबलं.

बुधवार, ४ मार्च

नळी घालून तपासणी झाली. तीन वाहिन्या बंद, उद्या सकाळी बायपास. हृदयाचा खालचा भाग काम करत नाही. सर्जन म्हणाले, तीन-चार दिवसांपूर्वी झटका येऊन गेलाय, कळलं नाही का?

कळलं नाही. लिंबूपाणी दिलं. वर नाटकी म्हटलं.

शहाणा कालच बंद केला. गणितवाली दोन दिवस घरी गेलेली नाही. सगळे तिला दोष देतायत, ती मान खाली घालून ऐकून घेते. मी मात्र एकच गोष्ट चघळत बसलेय. शहाणा अगदी बरोबर शिकला होता. मला जे दिसतं ते त्याला दिसायचं, आणि मी ज्याच्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडे त्यानंही बघितलं नाही. अनोळखी माणसाची धाप मला दारातून कळते. या माणसाबरोबर एकतीस वर्षं एका ताटात जेवले, आणि तो टेबलावर उघडा झोपला असताना मी घड्याळ बघत होते.

लेक पोचली. मला वाटलं भांडेल. माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तू जेवलीस का?" त्यापेक्षा भांडली असती तरी चाललं असतं.

शुक्रवार, ६ मार्च

काल सात तास चाललं. मी बाकावरून उठले नाही. या दारांच्या आतलं सगळं मला माहीत आहे, म्हणून जास्त भीती वाटत होती. आतून कुणी धावत आलं की मी आधी त्याचा चेहरा बघायचे. देवाला काय म्हणू तेही सुचेना. माझं काहीही घे म्हटलं, पण माझ्याकडे काय आहे द्यायला?

वाचले. हृदय पस्तीस टक्के चालतंय, त्याच्यावर जाणार नाही. गच्चीवर, दोरीवर, मोटारीवर आता कधीच नाही. आज घशातली नळी काढल्यावर मी सगळं पुन्हा नीट सांगितलं, स्टिकरचं, रांगेचं, मी वशिला न लावल्याचं. हे ऐकत होते. मग म्हणाले, "माफ केलं म्हणू का? आत्ता नाही म्हणवत गं. थांब जरा."

थांबते म्हटलं. हात मात्र काढून घेतला नाही त्यांनी.

मंगळवार, १७ मार्च

महिनाभरातले सगळे हिरवे स्कॅन बाईंनी स्वतः पुन्हा बघितले. आठवडा लागला. तीनशे चारमधली एकोणतीस माणसं धोक्यात. त्यांना फोन करून बोलवायचं होतं. वरचे साहेब म्हणाले, पत्र पाठवू, मोजक्या शब्दांत, कारण लिहायची गरज नाही. बाईंनी ऐकलं नाही. मी म्हटलं, फोन मी करते. मीच करायला हवेत.

अकरा झाले, सगळे भेटले. कुणी चिडलं, कुणी घाबरलं, एक जण मला खुळी समजला. बारावा नंबर, बाईमाणसानं उचलला. मी कुठून बोलतेय ते सांगितलं, त्यांना द्या म्हटलं.

"कशाबद्दल?"

"रिपोर्टबद्दल. पुन्हा तपासायचंय."

"ते गेले हो. पंचवीस तारखेला. रिपोर्ट चांगला आला म्हणून परत पोहायला जायला लागले होते."

मला रडू फुटलं. ती उलट माझीच समजूत घालायला लागली. "तुम्ही कशाला रडता ताई? मशीन आहे, चुकतं."

मी सगळं सांगितलं. मशीन नाही, मी, असं सांगितलं. ती शिव्या देईल म्हणून मन घट्ट करून बसले. तिनं विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्हीच होतात तिथं? काही बोलले का तुमच्याशी? कसे दिसत होते?"

समोर त्यांचा स्कॅन उघडा होता. तारीख, दहा चाळीसची वेळ, तीन स्टिकर. हृदय होतं, फासळ्या होत्या, चेहरा नव्हता. मी आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला.

"नाही आठवत," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला नाही. सांगत राहिली. उंच होते, दारातून वाकून यायचे. डावरे होते. सुई टोचली की टोचणाऱ्यालाच सॉरी म्हणायची सवय. "तुम्हालाही म्हणाले असतील," ती म्हणाली. असतील, मी म्हटलं. अर्धा तास ती बोलली, मी ऐकलं. शेवटी "बरं, ठेवते" म्हणून तिनं ठेवला.

बाईंनी पाणी आणून दिलं, आज पुरे म्हणाल्या. यादीत अजून सतरा नावं होती. मी पुढचा नंबर लावला. खूप वेळ रिंग वाजली. मग पुरुषाचा आवाज आला. मी नाव विचारलं.

"हो, मीच बोलतोय," तो म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. "बोला."

मी यादीतल्या त्याच्या नावावर बोट ठेवून बसले. तो दोनदा हॅलो, हॅलो म्हणाला.

"आहे, आहे, मी आहे," मी म्हटलं. "उभे आहात का? आधी खाली बसा."